रिमोट बदलू नका, आधी बॅटरी बदला

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा. सोलापुरात घरी, आठवीतल्या मुलीला सोबत घेऊन तुम्ही रिमोटवरची रोबो-गाडी जोडली आहे. अ‍ॅक्रिलिकची चासी, चार पिवळ्या बीओ (बॅटरीवरच्या, गिअरच्या) मोटरी, त्यांना वीज पुरवणारा एल२९८एन ड्रायव्हर, गाडीचा मेंदू म्हणून आर्डुइनो युनो हा बोर्ड, ४३३ मेगाहर्ट्झचा चार बटणांचा रिमोट (त्यात निरोप पाठवणारी एचटी१२ई चिप, गाडीत तो उलगडणारी एचटी१२डी), आणि गाडीतल्या सगळ्याला मिळून ९ व्होल्टची एक चौकोनी बॅटरी. गाडी हातात धरली की चाकं भन्नाट फिरतात. फरशीवर ठेवली की एक गचका देते, युनोचा दिवा मिणमिणतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. रिमोट दोन-तीन मीटरच्या पुढे चालत नाही. आणि कधीकधी बटण सोडलं तरी गाडी थांबत नाही. म्हणून तुम्ही विचारताय, दोन-तीन हजारांत चांगला रिमोट कोणता घ्यावा?

माझं उत्तर : सध्या कोणताच नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं होईल. तुमच्या तीन तक्रारींपैकी पहिली पूर्णपणे बॅटरीची आहे. दुसरीत रिमोटचा दोष थोडाच आहे. तिसरी त्या चिपच्या स्वभावाची आहे, आणि ती एका वायरने सुटते. नवा महागडा रिमोट आणलात तर पहिली तक्रार जशीच्या तशी राहील आणि पैसे गेल्याचं दुःख वर. मी गेली वीसेक वर्षं अशा गाड्या करतो, शाळा-कॉलेजच्या पोरांच्या दुरुस्तही करून देतो. 'रिमोट खराब आहे' म्हणून आलेल्या गाड्यांत रिमोट खराब निघतो तो क्वचितच.

निकोला टेस्लाने १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओवर चालणारी छोटी बोट लोकांना दाखवली होती. त्या बोटीची बॅटरी बोटीतच होती. लांबून यायचा तो फक्त निरोप. आजही तसंच आहे. रिमोट सांगतो 'पुढे जा', पण पुढे नेते ती गाडीतली बॅटरी. निरोप पोचतोय की नाही हे तपासण्याआधी, निरोप ऐकून काम करायची ताकद गाडीत आहे का ते बघायचं.

तर बॅटरी. मोटर फिरत असते तेव्हा ती स्वतःच थोडी जनित्रासारखी वागते आणि बॅटरीच्या उलट दिशेने व्होल्टेज तयार करते, त्यामुळे करंट आटोक्यात राहतो. पण मोटर थांबलेली असते तेव्हा हा उलटा विरोध नसतो. मग करंटला अडवायला उरतो फक्त आतल्या तारेचा रेझिस्टन्स. तो तुम्हीच मोजू शकता. मोटरीच्या वायरी सोडवा, मल्टिमीटर ओहमवर लावा, चाक हाताने हळूहळू फिरवत राहा आणि सगळ्यात कमी येईल तो आकडा धरा (आतल्या ब्रशमुळे आकडा नाचतो, म्हणून फिरवायचं). मी मोजलेल्या बीओ मोटरी बहुतेक ५ ते १० ओहमच्या मध्ये होत्या. ६ ओहम धरा. ६ व्होल्ट लावले तर सहा भागिले सहा, म्हणजे १ अँपिअर. हा झाला अडकलेल्या मोटरीचा करंट. आता मुद्दा असा की प्रत्येक मोटर सुरू होण्याच्या क्षणी थांबलेलीच असते. त्यामुळे 'पुढे' दाबल्यावर पहिल्या क्षणी चारही मोटरी मिळून ४ अँपिअरच्या आसपास मागतात. हवेत त्या लगेच वेग घेतात आणि मागणी घसरते. फरशीवर गाडीचं वजन असतं, वेग यायला वेळ लागतो, तेवढा वेळ मागणी चढलेली राहते.

तुमची चौकोनी बॅटरी धूर ओळखणाऱ्या अलार्मसाठी, मल्टिमीटरसाठी बनलेली आहे. तिच्या आत सहा चिमुकले सेल एकावर एक रचलेले असतात. मागणी थोड्या मिलिअँपिअरची असेल तर महिनोन्महिने चालेल. एक अँपिअर मागितला तर तिचं व्होल्टेज धाडकन खाली येतं. युनोवरची चिप २.७ व्होल्टच्या आसपास खाली गेली की स्वतःला रिसेट करते, तशी सोयच तिच्यात केलेली आहे. रिसेट झाली की मोटरी थांबतात, मागणी संपते, बॅटरी पुन्हा डोकं वर काढते, युनो जागा होतो, तुमचा अंगठा अजून बटणावरच असतो, की पुन्हा गचका. तुमच्या गाडीची उचकी ती हीच.

यावर विश्वास ठेवू नका, बघा. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, दोन्ही टोकं बॅटरीच्या वायरींवर लावून मुलीच्या हातात द्या. तुम्ही गाडी हवेत धरून 'पुढे' दाबा आणि दुसऱ्या हाताने चाकं हळूच दाबून धरा. क्षणभरच, नाहीतर ड्रायव्हर तापेल. आकडा नऊवरून कुठवर येतो ते तिला मोठ्याने वाचू द्या. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की ती पोरगी आयुष्यात पुन्हा ९ व्होल्टच्या बॅटरीवर मोटर लावणार नाही.

मग कोणती लावायची? इथे तुमच्या घरावर अवलंबून आहे. कॉलेजची मुलं सर्रास १८६५० या आकाराचे दोन लिथियम सेल लावतात. नाममात्र ७.४ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ८.४. करंट हवा तेवढा देतात, वजनाला हलके. मीही वापरतो. पण हा सेल शॉर्ट झाला तर वायर लाल होईपर्यंत करंट देतो. त्याला बरोबर चार्जर लागतो, ३ व्होल्टच्या खाली नेलेला चालत नाही. आणि बाजारात त्याच्या नावावर भरपूर कचरा विकला जातो. सेलवर ९८०० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलात किती वीज मावते ते) छापलेलं दिसलं की तो दुकानात परत ठेवा. या आकाराच्या चांगल्या सेलमध्ये साधारण ३५०० मावतात, त्याच्या जवळपास तिप्पट कुठून येणार?

आठवीतली मुलगी स्वतः हाताळणार असेल तर मी तुम्हाला सहा रिचार्जेबल पेन्सिल सेल घ्यायला सांगेन. निकेल-मेटल हायड्राइडचे, जाड पेन्सिल सेल, २००० एमएएचच्या आसपासचे, नावाजलेल्या कंपनीचे. सहा गुणिले १.२, म्हणजे ७.२ व्होल्ट. २ अँपिअर सहज देतात. चार्जर घरात इतर रिमोट-घड्याळांनाही उपयोगी पडेल. साधे, फेकायचे सेल लावू नका. नवे असताना छान चालतात आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही परत हाच प्रश्न विचाराल. सेलच्या होल्डरमध्ये स्प्रिंगा लेच्यापेच्या असतील तर तिथेच अर्धा व्होल्ट खर्ची पडतो, म्हणून होल्डर बरा बघून घ्या. लाल वायरीत एक स्विच आणि ३ अँपिअरचा फ्यूज घाला. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ.

एल२९८एनबद्दल इंटरनेटवर लोक खूप नाकं मुरडतात. ती चिप जुन्या पद्धतीची आहे, १ अँपिअर वाहताना जवळपास २ व्होल्ट स्वतःच खाऊन टाकते आणि त्याची उष्णता करते. तो काळा हीट सिंक शोभेचा नाही. पण हिशोब करा. ७.२ वजा २, उरले ५.२ व्होल्ट. बीओ मोटर ३ ते ६ व्होल्टवर सुखात असते. म्हणजे तुमच्या गाडीत ही खादाडी चक्क सोयीची आहे. तुम्ही चार सेलवर, ४.८ व्होल्टवर चालवायला गेलात तर मात्र मोटरीला तीनही धड उरणार नाहीत. तिथे टीबी६६१२ सारखा, स्वतः फार कमी व्होल्ट खाणारा मॉसफेटवाला ड्रायव्हर लागेल. पुढे १२ व्होल्टच्या, जास्त ताकदीच्या जॉन्सन मोटरी लावायची हौस आली तर दोन्ही अपुरे पडतील. आज जे घरात आहे ते चालेल.

चालेल, पण चार मोटरींवर नको. एल२९८एनचे दोन चॅनल आहेत, प्रत्येकी २ अँपिअरचे, आणि तुम्ही एकेका बाजूच्या दोन-दोन मोटरी एका चॅनलवर जोडल्या आहेत. सुरू होतानाच तो काठावर जातो. त्यातून चारचाकी गाडी अशी वळवायची म्हणजे एका बाजूची चाकं पुढे, दुसऱ्या बाजूची मागे. चारही चाकांना जमिनीवर आडवं घासटत सरकावं लागतं. गुळगुळीत फरशीवर निभतं. सतरंजीवर गाडी वळायच्या ऐवजी नुसती थरथरते. मागच्या दोन मोटरी काढा, तिथे एक छोटं कॅस्टर लावा, जे कपाटाच्या किंवा ट्रॉलीच्या खाली गरागरा फिरतं तसं. उंची जुळत नसेल तर खाली दोन-तीन नट घालून जुळवा. करंट निम्मा, वळण लोण्यासारखं, आणि दोन मोटरी स्पेअरला राहतात. लागतात त्या, कारण बीओ मोटरीच्या तांब्याच्या पट्ट्या नाजूक असतात आणि वायर ओढली गेली की मुळासकट तुटतात. डाग देताना (सोल्डरिंग करताना) सोल्डरिंगची इस्त्री दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, आतलं प्लॅस्टिक मऊ होतं. डाग दिल्यावर वायर मोटरीच्या अंगाला झिप टायने बांधून टाका, म्हणजे ओढ डागावर न येता टायवर येईल.

आता जरा थांबा. पुढचं सांगणं तुम्हाला पाऊल मागे टाकल्यासारखं वाटेल. रेडिओ आणि आर्डुइनो दोन्ही बाजूला ठेवा आणि गाडी आधी वायरवर चालवा. आमच्या पॉलिटेक्निकमध्ये पहिला रोबो म्हणजे दोन डीपीडीटी स्विच (एका खटक्यात दोन वायरी इकडून तिकडे जोडणारे) आणि तीन मीटर केबल, बस. मधे बंद राहणारे, सहा पायांचे स्विच घ्यायचे. मधल्या दोन पायांना बॅटरी. एका टोकाच्या दोन पायांना मोटर, आणि त्याच दोन पायांवरून दुसऱ्या टोकाला फुलीसारख्या उलटसुलट वायरी. स्विच वर केला की चाक पुढे, खाली केला की मागे. डाव्या हाताला डावं चाक, उजव्याला उजवं. इथे मधे ड्रायव्हर नाही, म्हणून चारच सेल वापरा.

या एका संध्याकाळच्या खेळात तुम्हाला काय काय कळतं बघा. मोटरी ठीक आहेत का, गाडीचं वजन झेपतंय का, चाक कुठे घासतंय का, कॅस्टर अडकतंय का. यातलं काहीही बिघडलेलं असताना रेडिओ मधे असेल, तर दोष नक्की कुठे हे शोधायला तीन दिवस जातात. शिवाय मुलीच्या हाताला वळणाची सवय होते. दोन चाकं वेगवेगळी चालवून गाडी वळते, ही गोष्ट पुस्तकात वाचून कळत नाही. दोन्ही अंगठ्यांना कळावी लागते.

फरशीच्या जोडावरून गाडी सरळ सोडून बघा. पाच-सहा फरश्या जाईपर्यंत ती एका बाजूला ओढेलच. घाबरू नका, दोन बीओ मोटरी कधीच जुळ्या नसतात. किती ओढते ते लिहून ठेवा. आर्डुइनो परत लावल्यावर जास्त वेगाच्या मोटरीला प्रोग्राममधून थोडं कमी द्यायचं, २५५ (म्हणजे पूर्ण वेग) ऐवजी २३५ वगैरे, की झालं. त्यासाठी एल२९८एनवरचे दोन एनेबल जंपर (पिनांवरच्या छोट्या टोप्या) काढून त्या पिना युनोच्या ५ आणि ६ वर न्याव्या लागतील. त्या दोन पिनांना १० किलोओहमचा एकेक रेझिस्टर ग्राउंडला लावा, म्हणजे युनो चालू होत असताना मोटरी स्वतःहून थरथरणार नाहीत. वेग फार कमी ठेवायचा प्रयत्नही करू नका. ८०-९० च्या खाली मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही.

जोडणी परत करताना ग्राउंड, म्हणजे मायनसची सामाईक वायर, सांभाळा. बॅटरीचा काळा, ड्रायव्हरचा ग्राउंड, युनोचा ग्राउंड आणि रिसीव्हरचा ग्राउंड, चौघांची एका ठिकाणी गाठ पडली पाहिजे. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत हा दुसऱ्या नंबरचा घोळ. दोन वेगळ्या बॅटऱ्या वापरल्या तरी ग्राउंड एकच. युनोला वीज ड्रायव्हरवरच्या ५ व्होल्टच्या स्क्रूमधून देता येईल, पण प्रोग्राम टाकायला यूएसबी लावाल तेव्हा ती वायर काढून ठेवा. ड्रायव्हरच्या पॉवरच्या दोन स्क्रूंवर १००० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर बसवा, १६ किंवा २५ व्होल्टचा, प्लस-मायनस बघून. पहिल्या क्षणाच्या मागणीला तो थोडा हातभार लावतो.

आता रेडिओ. दोन-तीन मीटरच का? तीन कारणं संभवतात आणि तुमच्याकडे बहुधा तिन्ही आहेत.

पहिलं, अँटेना. तुमच्या वर्णनात तिचा उल्लेखच नाही. या मॉड्यूलवर एएनटी लिहिलेलं छिद्र असतं आणि ते रिकामं असतं. तिथे एक वायर डाग देऊन लावायची. किती लांब? ३०० भागिले ४३३.९२ केलं की एका लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते, ०.६९ मीटर, तिचा पाव भाग १७.३ सेंटिमीटर. घरातल्या इंटरनेट केबलमधली एक कडक तार सोलून चालते. पट्टीने मोजून कापा, दोन्हीकडे लावा आणि ताठ उभी ठेवा. गोल गुंडाळून चासीवर चिकटवलेली अँटेना म्हणजे अँटेना नसल्यासारखंच. याच एका तारेने मी तीन मीटरचे वीस-पंचवीस झालेले पाहिले आहेत, आणि उघड्या मैदानावर त्याहून जास्त.

दुसरं, रिमोटची वीज. तुम्ही रिमोटमध्ये दोन पेन्सिल सेल घातले आहेत, ३ व्होल्ट. एचटी१२ई चिप २.४ पासून १२ व्होल्टपर्यंत चालते, म्हणून ती तक्रार करत नाही. पण तिच्याशेजारचा छोटा ट्रान्समीटर ३ व्होल्टवर दबक्या आवाजात बोलतो. तुमच्या मॉड्यूलवर किती व्होल्ट चालतात ते छापलेलं असेल. १२ पर्यंत चालत असतील तर गाडीतून काढलेली ती चौकोनी बॅटरी इथे घाला. इथे मागणी काही मिलिअँपिअरची, आणि हेच तिचं खरं काम.

तिसरं, मोटरींचा गोंगाट. ब्रशच्या मोटरीत आत सतत बारीक ठिणग्या पडत असतात, आणि ठिणगी म्हणजे एक छोटं रेडिओ स्टेशनच. तुमचा स्वस्त रिसीव्हर रिमोटचा निरोप आणि हा गोंगाट यांत फरक करू शकत नाही. भर लग्नाच्या मांडवात बँड वाजत असताना फोनवर बोलण्यासारखं. प्रत्येक मोटरीच्या दोन पट्ट्यांवर, थेट मोटरीवरच, '१०४' लिहिलेला एकेक सिरॅमिक कपॅसिटर डाग द्या. मोटरीच्या दोन्ही वायरी एकमेकींना पीळ देऊन न्या. रिसीव्हर मोटरींपासून लांब, चासीच्या दुसऱ्या टोकाला, शक्य तर वर उचलून. गोंगाट आहे की नाही हे तपासायची सोपी रीत : मोटरींच्या वायरी सोडवून ठेवा आणि रिमोट घेऊन लांब चालत जा, मुलगी एचटी१२डीच्या डेटाच्या पिनांवर (बटणांचे निरोप जिथून बाहेर येतात त्या) लावलेले एलईडी बघेल. मोटरी नसताना वीस मीटर आणि असताना चार, तर चोर सापडला.

राहिली तिसरी तक्रार, आणि तिच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

२००६ साली आमच्या गॅदरिंगच्या प्रदर्शनात माझी अशीच गाडी होती. हीच जोडी, एचटी१२ई आणि एचटी१२डी. हॉलच्या दारापर्यंत नेली, लोक बघत होते, मला वाटलं आता पुरे. मी रुबाबात रिमोटचा स्विच बंद केला. गाडी थांबली नाही. दारातून बाहेर, तीन पायऱ्यांवरून खाली, पोर्चमध्ये उताणी. चाकं तरीही फिरत होती. मित्र म्हणाले रिमोट बंद कर, आणि मी ओरडत होतो की बंदच आहे. रात्री चिपचं डेटाशीट (कंपनीचं माहितीपत्रक) वाचलं तेव्हा कळलं की रिमोट बंद केला म्हणूनच ती थांबली नव्हती.

एचटी१२डी चिप शेवटचा नीट ऐकलेला निरोप धरून ठेवते. डेटाच्या चार पिना नवा निरोप येईपर्यंत तशाच राहतात. तुमचा रिमोट चालू असताना सतत बोलत असतो, 'पुढे, पुढे, पुढे', आणि बटण सोडलं की 'काही नाही, काही नाही'. हा 'काही नाही' पोचला तर गाडी थांबते. पण नेमक्या त्या क्षणी गाडी टप्प्याबाहेर असेल किंवा मोटरींचा गोंगाट असेल, तर चिपच्या लेखी शेवटचा निरोप 'पुढे' हाच. काही रिमोटमध्ये तर फक्त बटण दाबल्यावरच बोलण्याची सोय असते. तिथे बटण सोडलं की शांतता, आणि शांततेचा अर्थ या चिपला थांबणं असा कळत नाही.

उपाय त्याच चिपमध्ये आहे. एचटी१२डीची १७ नंबरची पिन, व्हीटी. तिचा अर्थ एवढाच, की 'आत्ता मला ओळखीचा निरोप ऐकू येतोय'. ऐकू येणं थांबलं की ती खाली जाते. ती युनोच्या एका रिकाम्या पिनेला जोडा. प्रोग्राममध्ये व्हीटी वर असेल तेव्हाची वेळ टिपत राहायची, आणि शेवटच्या नोंदीला ३०० मिलिसेकंदांहून जास्त झाले की दोन्ही मोटरी बंद. डेटाच्या पिना काहीही म्हणोत. आणि हा हिशोब चालू असताना प्रोग्राममध्ये कुठेही मोठा डिले (नुसतं थांबून राहायची आज्ञा) नको, नाहीतर पहारेकरीच झोपलेला असायचा. व्हीटीवर एक एलईडीही लावा. कुठलंही बटण न दाबता रिमोट चालू ठेवा. एलईडी स्थिर पेटला तर तुमचा रिमोट सतत बोलणारा आहे. नाही पेटला तर बटणावर बोलणारा. मग गाडी पुस्तकांच्या गठ्ठ्यावर चाकं अधांतरी ठेवून चालवा, चालू असतानाच रिमोटचा सेल काढा. अर्ध्या सेकंदात चाकं थांबली पाहिजेत. ही परीक्षा पास झाल्याशिवाय गाडी जमिनीवर उतरवू नका. छोटी, हलकी गाडी पायऱ्यांवरून पडली तर हसू येतं. उद्या तुम्ही तिप्पट वजनाची, जॉन्सन मोटरवाली कराल आणि घरात रांगणारं मूल असेल, तेव्हा येणार नाही.

एवढं झाल्यावर तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण तो चुकीचा नाही, लवकरचा आहे. एचटी१२ई एका वेळी चारच बिट पाठवते, म्हणजे चार बटणं, हो किंवा नाही. हळूहळू वेग वाढवणं, थोडंसं वळणं त्यात बसत नाही. महिनाभरात मुलीला हे खटकायला लागेल, आणि खटकलं की समजा वेळ झाली.

तेव्हा काय घ्यायचं हे तिला कशात रस आहे त्यावर. गाडी चालवण्यातच मजा येत असेल, उद्या विमान-बोटीकडे वळायचं असेल, तर फ्लायस्कायच्या एफएस-आय६ सारखा तयार, दोन काठ्यांचा रिमोट. २.४ गिगाहर्ट्झवर चालतो आणि सिग्नल तुटला तर काय करायचं ते त्यात आधीच ठरवून ठेवता येतं. त्याचा रिसीव्हर प्रत्येक काठीसाठी १००० ते २००० मायक्रोसेकंदांचा ठोका देतो, मधोमध १५००. युनोने तो ठोका मोजायचा आणि डाव्या मोटरीला वेग अधिक वळण, उजवीला वेग उणे वळण द्यायचं. डीपीडीटी स्विचने अंगठ्यांना जे शिकवलं तेच इथे गणितात येतं.

प्रोग्रामिंगमध्ये रस असेल तर दोन ईएसपी३२ बोर्ड (युनोसारखेच, पण वायरलेसची सोय आत असलेले) घ्या, एक गाडीत, एक जॉयस्टिकला जोडून हातात. ईएसपी-नाऊ नावाच्या पद्धतीने ते राउटरशिवाय थेट एकमेकांशी बोलतात, आणि हा रिमोट तिने स्वतः बनवलेला असेल. फक्त त्यांच्या पिना ३.३ व्होल्टच्या, ५ व्होल्ट लावून जाळू नका. फोनवरून चालवायचं म्हणून लोक एचसी-०५ ब्लूटूथ घेतात. स्वस्त आहे, एका खोलीपुरतं बरं, पण काचेवर अंगठ्याला बटण कुठे आहे ते कळत नाही आणि नजर गाडीवरून फोनवर जाते. आयफोनशी तर ते जुळतच नाही. मी स्वतः आज नव्याने सुरू करत असतो तर ईएसपी३२ घेतलं असतं. पण तुमच्याकडे युनो चालू आहे, त्याला निवृत्त करायची घाई नको.

दोन-तीन हजारांतून आत्ता फक्त एवढं आणा : सेल, चार्जर, होल्डर, कॅस्टर, फ्यूज, दोन डीपीडीटी स्विच, मूठभर कपॅसिटर, आणि घरात नसेल तर एक मल्टिमीटर. पुण्याला येणं झालं तर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळची तपकीर गल्ली, मुंबईला गेलात तर लॅमिंग्टन रोड. दोन्हीकडे सुटे कपॅसिटर हातात घेऊन बघता येतात आणि दुकानदार शंका विचारल्या तर हाकलत नाहीत, शनिवारची संध्याकाळ सोडून. बरेच पैसे उरतील. ते ईएसपी३२साठी वेगळे ठेवा.

नवे सेल लागले की दोन आकडे मोजून मला कळवा. चाकं हवेत मोकळी फिरताना बॅटरीचं व्होल्टेज किती, आणि दोन्ही चाकं क्षणभर दाबून धरली तेव्हा किती. सोबत एकेका मोटरीचे ओहमही लिहा. गाडी तरीही रिसेट होत असेल तर कुठे हात घालायचा ते त्यावरून सांगता येईल.